पुसलेले फोटो परत का येत होते? एका मेमरी कार्डाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या सुभाषनगरातलं एक घर, पिढीजात धंदा चपलांचा. काका कातडं कापतात, तळ जोडतात. मावशी वेण्या आणि गोंडे करतात, आणि गिऱ्हाइकांचा सगळा व्यवहार त्यांच्याच मोबाइलवर चालतो. ओळख कळू नये म्हणून घराचे एकदोन तपशील इथं बदलले आहेत. कार्डाचे बदललेले नाहीत.

फोन साधा, अँड्रॉइडचा, स्वतःची मेमरी ३२ जीबी. त्यातली निम्मी अँड्रॉइडनं आणि ॲपनीच व्यापलेली. म्हणून घेतानाच ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड घातलं आणि फोटो कार्डावर जातील अशी कॅमेऱ्याची सेटिंग करून ठेवली. त्याला चार वर्षं झाली होती. कार्ड जवळजवळ गच्च भरलेलं. त्यावर काय होतं हे सांगितल्याशिवाय पुढचे निर्णय कळायचे नाहीत. लग्नकार्याचे व्हिडिओ होतेच, पण धंद्याच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, बनवलेल्या प्रत्येक नमुन्याचा फोटो, शेजारी किमतीची चिठ्ठी. कापशी चपलेचा कान किती रुंद ठेवला होता, मागच्या दिवाळीला कोणत्या जोडाला कोणती वेणी होती, हे सगळं त्या फोटोंवरून बघायचं. दुसरी, पायाची मापं. बाहेरगावचं गिऱ्हाईक कागदावर पाऊल ठेवून पेनानं कड काढतं आणि फोटो पाठवतं. घरी आलेल्या गिऱ्हाइकाची कड मावशी स्वतः काढतात, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो घेतात आणि मग तो कागद कुठंतरी जातो. माप म्हणून उरतो तो फोटोच.

फोटोंची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

अडचण

पितृपक्ष संपत आला होता, घटस्थापना तोंडावर. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची माणसं लोटतात आणि पावसाळाभर थंड असलेला चपलांचा धंदा तिथून उठतो. अशा वेळी मावशी आणि कॉलेजात जाणारा पुतण्या राजारामपुरीतल्या आमच्या मोबाइलच्या दुकानात आले.

"दादा, पुसलं की परत येत्यात बघा फोटो. आणि नवं काढलं की जात्यात. उलटंच चाललंय सगळं."

हे एक वाक्य नीट ऐकलं असतं तर अर्धं निदान तिथंच होतं. पण बरोबर आलेल्या पुतण्याकडं आणखी बरंच सांगायला होतं. गॅलरी हळू उघडायला लागली होती. काही जुने फोटो अर्धे करडे दिसत होते. मग फोननं कार्डात बिघाड असल्याची सूचना दिली. जागा कमी पडतेय असं समजून त्यानं जुने व्हिडिओ पुसले. फोन बंद करून चालू केला तर सगळे जागच्या जागी. अँटीव्हायरस चालवला, काही सापडलं नाही. शेवटी धीर करून फोनमधूनच कार्ड फॉरमॅट केलं. फोननं झालं म्हणून सांगितलं, कार्ड रिकामं दिसलं. रीस्टार्ट केल्यावर चार वर्षांचे फोटो पुन्हा हजर.

घरात यावर तीन मतं होती. पुतण्या म्हणे व्हायरस. काका म्हणे फोनच बदला. शेजारच्या कुणीतरी कार्ड हॅक झाल्याचं सांगितलं होतं. मावशींना यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. त्यांना गणपतीनंतर घेतलेली मापं हवी होती, कारण त्यांचे पैसे आगाऊ घेतलेले होते.

पहिला निर्णय: कार्ड काढायचं की नाही

मोबाइलच्या दुकानात बिघडलेलं कार्ड आलं की हात आपोआप पहिल्यांदा ट्रे काढण्याच्या पिनेकडं जातो. कार्ड बाहेर, सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर, परत आत. बहुतेकदा त्यात वावगं काही नसतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात संपर्काच्या पट्ट्यांवर थर धरतो आणि तेवढ्यानं काम होतंही.

इथं ते टाळलं, आणि या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच ठरला. कारण मावशी सहज बोलून गेल्या की सकाळी घेतलेली दोन मापं अजून गॅलरीत दिसतायत. फोन आदल्या रात्रीपासून बंद केलेला नव्हता. नवे फोटो रीस्टार्टनंतर जातात, तर मग रीस्टार्टच्या आधी ते असतात कुठं? फोन ताजी माहिती काही काळ रॅममध्ये, म्हणजे बंद केल्यावर रिकाम्या होणाऱ्या तात्पुरत्या मेमरीत, धरून ठेवतो. कार्डाला ती लिहायला दिली आणि कार्डानं लिहिली असं कळवलं, तरी रॅममधली प्रत लगेच जात नाही. गॅलरीत दिसणारा फोटो तिथून येत असण्याची शक्यता मोठी होती. कार्ड काढलं किंवा फोन बंद केला की ती प्रत संपली.

म्हणून आधी यूएसबी केबल लावली आणि त्या दिवसाचं जे जे दिसत होतं ते लॅपटॉपवर ओढून घेतलं. दोन मापं पूर्ण आली. एका नव्या जोडाचा फोटो वरून निम्मा आला आणि खाली करडा. म्हणजे रॅममधला त्याचा काही भाग फोननं दुसऱ्या कामासाठी मोकळा केला होता आणि तेवढा भाग कार्डावरून वाचायला गेल्यावर तिथं तो फोटो नव्हताच. हा अर्धा फोटो मावशींच्या कामाचा नव्हता, आमच्या मात्र होता: कार्ड लिहून घेत नाही याचा तो पहिला पुरावा.

मग फोन बंद करून कार्ड बाहेर काढलं.

काय काय असू शकलं असतं

कार्ड खराब आहे, या एका तक्रारीमागं निदान पाच वेगळी दुखणी असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. कधी एकाचा इलाज दुसऱ्याला मारक.

फोनचा स्लॉट किंवा पट्ट्यांचा संपर्क बिघडला असेल तर कार्ड मध्येच गायब होतं, मध्येच दिसतं. पुसलेलं परत येणं त्यात बसत नाही.

फाइल सिस्टिम बिघडली असेल, म्हणजे कोणती फाइल कार्डावर कुठं आहे याची नोंदच विस्कटली असेल, तर फोटो जागेवर असूनही फोनला सापडत नाहीत. इथं फॉरमॅटचं बटण सगळ्यात धोक्याचं. झटपट फॉरमॅटनं जुनी नोंद पुसली जाते आणि त्यावर नवे फोटो काढत गेलं की मूळ माहितीही झाकली जाते. पुतण्यानं तेच बटण दाबलं होतं.

कार्ड नकली असेल तर त्यातला कंट्रोलर, म्हणजे चिपवरचं लिहिणं-वाचणं सांभाळणारा भाग, खोटी क्षमता सांगतो. १६ जीबीच्या चिपवर ६४ छापलेलं असतं आणि भरत भरत खऱ्या मर्यादेपलीकडं गेलं की पुढचं हरवतं किंवा आधीच्यावर लिहिलं जातं. नवे फोटो जाणं यात बसतं, पण पुसलेले परत येणं नाही.

चौथी शक्यता, कार्ड फोनची अंतर्गत मेमरी म्हणून जोडलेलं असणं. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, ही सोय आहे. त्यात कार्ड सांकेतिक रूपात लिहिलं जातं आणि ते उलगडायची किल्ली त्याच फोनमध्ये राहते. असं कार्ड दुसरीकडं घातलं तर कोरं किंवा बिघडलेलंच वाटतं, आणि इकडं फोन फॅक्टरी रीसेट केला तर किल्लीच जाते. फोन बदला हा काकांचा सल्ला अशा वेळी महागात पडला असता. फोनच्या स्टोरेजच्या पानावर हे पाहून घेतलं. कार्ड साध्या पद्धतीनं जोडलेलं होतं.

पाचवी, कार्डाचं आयुष्य संपणं. फ्लॅश चिपचे कप्पे ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतात. खराब झालेल्या कप्प्यांच्या जागी कंट्रोलर राखीव कप्पे वापरतो. राखीव संपले की पुष्कळ कार्डं लिहिणं थांबवतात आणि वाचणं तेवढं चालू ठेवतात. काही कार्डं हे उघड सांगतात आणि फोन 'फक्त वाचता येईल' अशी चूक दाखवतो. काही सांगत नाहीत. अशा कार्डाचा कंट्रोलर मालाची पोच देतो आणि माल गोदामात घेतच नाही. पुसा म्हटलं, हो म्हणतो. फॉरमॅट म्हटलं, हो म्हणतो. आत काहीच बदलत नाही.

मावशींचं वाक्य या पाचव्या दुखण्याला तंतोतंत लागू होतं. तरी अंदाजावर कार्डाला हात लावायचा नव्हता.

दुसरा निर्णय: दुरुस्ती आधी की प्रत आधी

पुतण्याचं म्हणणं होतं की विंडोजमध्ये कार्ड घातलं की ते तपासून दुरुस्त करायचं विचारतं, तेच करू. घटस्थापना दोन दिवसांवर असताना हा मार्ग मोहात पाडणारा होता. पण दुरुस्ती म्हणजे कार्डावर लिहिणं. नुसतं जोडलं तरी विंडोज कार्डावर आपलं एक फोल्डर बनवतं. अँड्रॉइड फोनही कार्ड घेताना आधी तपासणी करतो आणि सापडलेले फाइलींचे तुकडे 'लॉस्ट.डीआयआर' नावाच्या फोल्डरात टाकतो. लिहिण्याची ताकद संपत आलेल्या कार्डावर हे सगळं करणं म्हणजे जे वाचतंय तेही पणाला लावणं. कार्ड कधी पूर्ण गप्प होईल याचा भरवसा नसतो.

दुसरा पर्याय पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरी लॅबचा. तिथं कार्डाच्या पाठीवरचा थर घासून थेट चिपशी तारा जोडतात. खर्च हजारांत आणि वेळ आठवड्यांत. कार्ड संगणकाला दिसतच नसेल तर तोच रस्ता. हे कार्ड दिसत होतं, म्हणून तो मागं ठेवला.

ठरलं ते असं: आधी अख्ख्या कार्डाची पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे माहितीचा सगळ्यात छोटा खण) शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी प्रत, आणि जे करायचं ते प्रतीवर. मावशींना हे पटवायला थोडा वेळ लागला. दुरुस्त करायला आणलेल्या वस्तूला एक दिवस कुणी हातच लावणार नाही, हे ऐकायला विचित्र वाटतंच.

कृती

विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली असलेल्या लॅपटॉपच्या स्वतःच्या कार्ड स्लॉटमध्ये, ॲडॉप्टर घालून, त्याची लॉकची पट्टी खाली सरकवून कार्ड लावलं. मायक्रोएसडीला स्वतःला अशी पट्टी नसते. ती मोठ्या ॲडॉप्टरला असते आणि तीही नुसती रीडरला दिलेली खूण असते, सगळे रीडर ती मानतातच असं नाही. म्हणून लिनक्समध्येही ते 'फक्त वाचा' असं ठरवून दिलं. यूएसबी रीडर मुद्दाम टाळला. त्यातून कार्डाची आतली ओळख वाचता येत नाही, लॅपटॉपच्या थेट स्लॉटमधून बहुधा येते: कोणत्या कंपनीचा कोड, कोणत्या महिन्यात बनलं. ती ओळख वरच्या छापाशी जुळली.

प्रत काढायला डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरला. त्याचा गुण असा की अडलेल्या जागी ते डोकं आपटत बसत नाही. आधी सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अवघड पट्टे नोंदवून पुढं जातं आणि शेवटी परत येऊन त्या पट्ट्यांवर प्रयत्न करतं. मध्येच थांबवलं तरी नोंदीमुळं तिथूनच पुढं चालू होतं. बराचसा भाग सुरळीत वाचला गेला. काही पट्ट्यांवर मात्र गाडी रखडली आणि रात्रभर चालू ठेवावं लागलं. सकाळी थोडेसे सेक्टर सोडले तर प्रत पूर्ण होती. तिची आणखी एक नक्कल वेगळ्या डिस्कवर ठेवली आणि मगच मूळ कार्डाकडं वळलो.

आता लिहिण्याची चाचणी करायला हरकत नव्हती. लॉक काढून कार्डावर एक छोटी मजकूर फाइल लिहिली. फाइल दिसली, उघडलीही. कार्ड काढून परत घातलं, फाइल नाही. मग कार्डाच्या सुरुवातीच्या भागाचा चेकसम (माहितीवरून काढलेला, ती जरा बदलली तरी बदलणारा आकडा) घेतला, कार्ड फॉरमॅट केलं, काढून घातलं, पुन्हा चेकसम घेतला. अक्षर न् अक्षर तोच. फॉरमॅट करूनही ज्याच्या सुरुवातीच्या भागात एक बिटही हलत नाही, त्याच्या फाइल सिस्टिमला दोष देण्यात अर्थ नाही.

फोन निर्दोष आहे का, हे वेगळं पाहावं लागलं. चांगलं माहितीतलं कार्ड मावशींच्या फोनमध्ये घातलं, फोटो काढला, रीस्टार्ट केला. फोटो जागेवर. स्लॉट ठीक. नकली कार्डाची शक्यताही प्रतीवरूनच मिटली. कार्ड भरत आलेलं असल्यानं शेवटच्या भागातही माहिती असायला हवी होती, आणि तिथं खरेखुरे, उघडणारे फोटो होते. नकली कार्डात त्या भागात शून्यं किंवा आधीचंच परत परत आलेलं दिसलं असतं. एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यूसारखी क्षमता तपासणारी साधनं इथं कामाची नव्हती, कारण ती कार्डावर लिहून मग वाचून पाहतात.

प्रतीतल्या फाइली तारखेनं लावल्यावर एक गोष्ट ठळक झाली. शेवटचा फोटो अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतला होता. त्यानंतरचा एकही नाही. म्हणजे कार्डानं लिहिणं थांबवलं ते तिथं, फोननं सूचना देण्याच्या कितीतरी आधी. मधल्या पंधरवड्यात मावशी फोटो काढत होत्या, ते दिसत होते, आणि प्रत्येक रीस्टार्टला नाहीसे होत होते.

तिसरा निर्णय: पंधरवड्याचे फोटो कुठून आणायचे

इथं घरातल्यांनी लॅबचा विषय पुन्हा काढला. पैसे गेले तर जाऊ देत, मापं मिळू देत, असं काका म्हणाले. निदान आधी झालेलं असण्याचा खरा उपयोग या क्षणी झाला. पुसलेली माहिती चिपमध्ये कुठंतरी उरलेली असू शकते आणि लॅब ती शोधू शकते. जी चिपपर्यंत पोचलीच नाही ती कोणत्याही लॅबला सापडणार नाही. तो खर्च थांबवला.

मग कार्ड सोडून दिलं आणि ते फोटो कुठून कुठं गेले असतील याचा माग घेतला. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोंची प्रत फोनच्या अंतर्गत मेमरीत 'सेंट' फोल्डरात राहते, आणि आलेले फोटो त्याच्या वरच्या फोल्डरात. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांनी पाठवलेली सगळी मापं तिथं होती. नव्या नमुन्यांचे जे फोटो मावशींनी गिऱ्हाइकांना पाठवले होते तेही निघाले. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि आतली तारीख काढून टाकतं. पण फाइलच्या नावात तारीख असते, त्यावरून क्रम लागला. लहान झालेल्या फोटोवरून माप घेता येईल का, ही शंका काकांनी काढली. शेजारी फूटपट्टी असल्यानं घेता आलं. बाहेरच्या ज्यांनी फूटपट्टीशिवाय कड पाठवली होती त्यांना फोन करून पावलाची लांबी विचारावी लागली.

राहिली ती घरी येऊन गेलेल्या गिऱ्हाइकांची मापं. फोटो मावशींनीच घेतलेला, कुणाला पाठवलेला नाही, कागद गेलेला. ती गेली. नशीब एवढंच की पितृपक्षात नवी खरेदी टाळणारे बरेच असतात, त्यामुळं अशी गिऱ्हाइकं मोजकी होती. सगळी कोल्हापुरातलीच. मावशींनी त्यांना पुन्हा बोलावलं. एक सोडून सगळे आले.

निष्पत्ती

अनंत चतुर्दशीपर्यंतचे जवळजवळ सगळे फोटो नावासकट आणि फोल्डरासकट मिळाले, कारण फाइल सिस्टिम शाबूत होती. दोन फोल्डरांची नोंद तेवढी न वाचलेल्या सेक्टरांत अडकली होती. तिथले फोटो फोटोरेकनं काढले. हे साधन नोंदीकडं न बघता फोटोची सुरुवात ओळखून तो उचलतं, त्यामुळं नावं जातात. फोटोंच्या आत कॅमेऱ्यानं लिहिलेली तारीख होती, तिच्यावरून ते लावले. काही लग्नाचे व्हिडिओ तुटके निघाले. मोठ्या फाइलीत एखादा सेक्टर गेला तरी भोगावं लागतं.

कार्ड का मेलं याचं एकच कारण ठामपणे सांगता येत नाही. चार वर्षांचा वापर आणि कायम भरलेली अवस्था ही दोन कारणं दिसतात. मोकळी जागा कमी असली की कंट्रोलरला थोडं लिहायलाही बरीच हलवाहलव करावी लागते आणि कप्पे लवकर झिजतात.

शेवटी एक अनपेक्षित पेच आला. कार्डाची वॉरंटी शिल्लक होती. पाठवलं तर बदलून मिळालं असतं. पण हे कार्ड पुसता येत नव्हतं. चार वर्षांचे घरचे फोटो, गिऱ्हाइकांचे पत्ते लिहिलेले कागद, सगळं त्याच्याबरोबर गेलं असतं, आणि समोर कोण वाचणार ते कळायला मार्ग नव्हता. पुतण्याला वॉरंटी सोडवत नव्हती. मावशींनी विचारलं, नवं केवढ्याला येतं. आकडा ऐकल्यावर त्यांनी कार्ड मागून घेतलं आणि घरी नेऊन कातडं कापायच्या रापीनं कापलं. अशी कार्डं कापताना नुसता कोपरा उडवून भागत नाही, चिप बहुतेक भाग व्यापून असते. त्यांनी चार तुकडे केले.

वेगळं काय करता आलं असतं

गॅलरी पहिल्यांदा हळू झाली तेव्हा पुतण्यानं पुसण्याऐवजी आणि फॉरमॅटऐवजी फोटो लॅपटॉपवर उतरवले असते तर न वाचलेले सेक्टर कदाचित कमी राहिले असते. त्याचं फॉरमॅट निभावलं ते निव्वळ कार्ड मेलेलं होतं म्हणून. दुखणं फाइल सिस्टिमचं असतं तर तेच बटण दाबून नोंद गेली असती.

फोन दाखवायला आणायच्या आधी 'एकदा रीस्टार्ट करून बघा' हा सल्ला आपण सगळेच देतो. कार्डावरचे नवे फोटो नाहीसे होत असतील तर तो देऊ नये. आता आमच्या काउंटरवर कार्डाची तक्रार आली की पहिला प्रश्न असतो: फोन शेवटचा कधी बंद केला होता, आणि त्यानंतर काढलेले फोटो अजून दिसतात का.

रात्रभराची प्रत काढणं प्रत्येक गिऱ्हाइकाला परवडेल असं नाही. ज्याच्या कार्डावर नुसती गाणी आहेत त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? तिथं सरळ नवं कार्ड घ्यावं. मावशींच्या बाबतीत कार्डावर काय आहे हे आधी विचारलं, म्हणून वेळ कुठं घालायचा ते ठरवता आलं.

नवं कार्ड घेतलं ते १२८ जीबीचं. त्यावर काहीही टाकण्याआधी एफ३ नं पूर्ण लिहून-वाचून तपासलं. रिकाम्या कार्डाला ही चाचणी करण्यासारखी दुसरी वेळ नसते. मापांचे फोटो मावशी आता घेतल्या घेतल्या काकांच्या फोनवर पाठवतात. आणि कड काढलेला कागद टाकून न देता जोडाच्या डब्यात ठेवायला लागल्यात, जोड तयार होऊन जाईपर्यंत.